त्या डोंगरामागं काही नाई

कम्प्युटरवाल्याच्या घरी जुन्या वायरींचा एक खोका असतोच. त्यातली एक ओढावी तर चार गुंतून बाहेर येतात, आणि पाहिजे ती नेमकी तळाशी राहते. आमच्या कारंज्याच्या क्लासचे किस्से असेच आहेत. पप्पू भेटला की तो एक ओढतो, मी दोन ओढतो, चहा थंड होतो, पण तळाशी हात घालायचं दोघंही टाळतो. आज घालतो. पण क्रमानं, नाहीतर तुमचाही गुंता व्हायचा.

आधी मंडळी सांगतो. कारंजा (घाडगे) म्हणजे नागपूर-अमरावती हायवेवरचं आमचं गाव. ढाबे, ट्रक, आणि मधेमधे माणसं! तिथं दोन हजार सालच्या आसपास माझ्या दादानं कम्प्युटर क्लास काढला. तीन मशीन, त्यातली दोन चालू. मी त्याचा धाकटा भाऊ निल्या, म्हणजे बिनपगारी मास्तर. पप्पू हा कापड दुकानदाराचा पोरगा, अर्धं बोलणं हिंदीत. आणि वसंता. वसंता जवळच्या खेड्यावरून सायकलनं टायपिंग शिकायला यायचा. घरी शेती, बाप कडक, पोरगा मात्र अगदी गरीब स्वभावाचा. संध्याकाळी क्लास सुटला की कोपऱ्यातलं मशीन आम्हा तिघांचं व्हायचं.

*

पहिल्या दिवशी वसंताला आम्ही कार रेसचा गेम लावून दिला. पहिल्याच वळणावर पठ्ठ्यानं गाडी रस्ता सोडून सरळ काढली. गेमनं ती उचलून परत रस्त्यावर ठेवली. त्यानं पुन्हा काढली. गेमनं पुन्हा ठेवली. असं पाच-सहा वेळा झालं तेव्हा पप्पू वैतागला.

"अबे, रेस है! सगळे पुढे निघून गेले!"

"जाऊ दे न त्याईले. मागं थो डोंगर दिसून राह्यला, तिथं जायचं आहे मले."

"तिथं जाता येत नाई."

"काऊन? दिसते तं!"

खरंच, दिसतं तर जाता का येऊ नये? वसंतानं खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाला, "रस्ता सोडला की वापस आणून ठेवते. आमचा बुढा बी असाच आहे!"

त्या दिवसापासून आमचा शोध सुरू झाला. ज्यात कुठंही जाता येतं असा गेम पाहिजे!

*

शोधायचा कुठं? नेट तेव्हा फोनच्या वायरीवर चालायचं. एक पान उघडेपर्यंत माणूस जेवून यायचा. मग एसटीचे एक ओळखीचे कंडक्टरकाका होते, त्यांच्याजवळ नागपूरच्या सीडीवाल्यासाठी चिठ्ठी दिली. मजकूर माझा : 'पूर्ण जग असलेली आणि त्यात कुठंही जाता येईल अशी सीडी द्यावी.'

तीन दिवसांनी काका सीडी घेऊन उतरले. आम्ही धावतच क्लासमध्ये गेलो, लावली. जगाचा नकाशा! शाळेच्या भूगोलाची सीडी! दुकानदारानं चिठ्ठीबाहेर काही केलं नव्हतं. पूर्ण जग होतं आणि कुठंही जाता येत होतं!

पप्पू शिव्या देत घरी गेला. वसंता मात्र एकेका देशावर क्लिक करत बसला. दादा कुलूप लावायला आला.

"काय करून राह्यला रे वसंता?"

"ब्राझील पाहून राह्यलो, दादा. पाच मिनिटं थांबा, वापस येतो. रस्त्यात समुद्र लागते."

*

शेवटी पप्पूच्या नागपूरच्या मामेभावानं खरा माल आणला. सीडीवर चित्र नाही, नाव नाही, पेनानं नुसतं 'फिरण्याचा' लिहिलेलं. आम्ही तो गेम आजही त्याच नावानं ओळखतो.

काय गेम होता! एक माणूस शेतात उभा. पुढं गाव, जंगल, नदी, आणि उत्तरेला बर्फाचा एक मोठा डोंगर. इकडं जा, तिकडं जा, असं सांगणारं कोणी नाही. नकाशा सगळा काळा. आपण जिथं चालत जाऊ तेवढाच उघडायचा. वसंता पहिले दोन दिवस नुसता चालतच होता.

एकच भानगड होती. भाषा! दादा म्हणाला, रशियन असावी. समोर माणूस आला की तो काहीतरी बोलायचा आणि खाली आपल्यासाठी तीन उत्तरं यायची. वाचता एकही येईना. वसंतानं तोड काढली.

"सगळ्यात लंबं उत्तर दाबजो. लंबं बोलते तो इज्जतीनं बोलते."

महिनाभर आम्ही भेटेल त्याच्याशी इज्जतीनं बोललो. महिन्यानं प्रत्येक गावातले शिपाई तलवारी उपसून आमच्या मागं लागले!

पप्पूनं कपाळावर हात मारला. "अपने यहाँ भी तो गालीच लंबी रहती है, बे!"

*

वसंता गेममध्ये कोणाच्या घरात शिरायचा नाही. दार उघडं असलं तरी नाही. म्हणायचा, "घरी कोणी दिसत नाई, काऊन जावं?" आता ह्या असल्या गेममध्ये अर्धी मजा लोकांची कपाटं उघडण्यात असते. पप्पूनं तर अख्खी गावं साफ केली होती.

एकदा दोन डाकू मागं लागले. समोर गव्हाचं शेत, पलीकडे पूल. आडवं पळालं असतं तर सुटलो असतो. वसंता शेताला वळसा घालून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, निघाला!

"अबे, मधातून घुस! मधातून!" आम्ही दोघं बोंबललो.

"पेरलेलं दिसत नाई का बे तुले?"

डाकूंनी धुऱ्यावरच गाठलं. आमचा माणूस मेला. वसंतानं माऊस खाली ठेवला आणि म्हणाला, "मेलो तं मेलो, पीक तं वाचलं!"

*

लोडशेडिंगचे किस्से सांगायला बसलो तर आठवडा जाईल. एकच सांगतो. लाइट गेली की यूपीएस पाच मिनिटं केकाटायचा, तेवढ्यात गेम सेव्ह करायचा. त्या दिवशी यूपीएसनं तेवढंही थांबायचं नाकारलं. पप्पू तासभर लढून एका राक्षसाला पाडणार, आणि स्क्रीन काळी! पप्पूनं अशी किंकाळी फोडली की त्याचे बाबूजी समोरच्या दुकानातून मोजायची पट्टी हातात घेऊनच धावत आले.

"क्या हुआ? करंट लगा?"

"नहीं बाबूजी, लाइट गई."

"लाइट गई, तो करंट कैसे लगा?" आणि त्याच पट्टीनं एक ठेवून दिली!

*

आता तळाशी येतो.

सेव्ह आमच्यात एकच असायचा. तिघांत मिळून एक माणूस. मशीन आमचं, म्हणून नियम माझा. पप्पूनं मारामारी करायची, वसंतानं चालायचं, आणि मी मालक असल्यासारखं मागं उभं राहून दोघांना टोकायचं आणि शेवटचा तास स्वतः खेळायचं. वसंताचा तास आला की तो उत्तरेकडं तोंड करून निघायचा. त्याला त्या बर्फाच्या डोंगरामागं जायचं होतं. तिथं अस्वलं होती, थंडीनं माणूस मरायचा, आणि पोचेपर्यंत त्याचा तास संपून माझा सुरू व्हायचा. रोजची कटकट. एक दिवस मी सरळ ठोकून दिलं.

"मी जाऊन आलो बे तिकडं, काल. त्या डोंगरामागं काही नाई. मॅप संपते."

"खरंच? काहीच नाई?"

"काही नाई."

वसंतानं माझ्याकडं पाहिलं. नकाशा उघडून पाहायचा होता, लगेच कळलं असतं. त्यानं नाही उघडला. "तू गेलता न, मंग ठीक आहे," म्हणाला आणि माणूस गावाकडं वळवला. मी गेलो नव्हतो. मी पायथ्याच्याही पुढं कधी गेलो नव्हतो.

*

त्यानंतर मी पुण्याला गेलो. नोकरीला! अख्ख्या कारंज्यानं हात हलवून बसमध्ये बसवलं. काम फोनवर बोलायचं होतं, इंग्रजीत. चौथ्या महिन्यात साहेबांनी बोलावून प्रेमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हे मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही. गावात येऊन सांगितलं, "तिथं काही नाई. नुसती गर्दी. मीच सोडून आलो." चार वेळा सांगितल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. गेमला मी पुन्हा हात लावला नाही. पप्पूचं लग्न झालं, तोही सुटला.

वर्षभरानं क्लासच्या फोनवर पुण्याहून आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला होता. टेस्टिंगला पोरगं पाहिजे होतं. काम काय, तर गेममध्ये फिरायचं. प्रत्येक कोपऱ्यात जायचं, भिंतीला धडकून पाहायचं आणि कुठं काय चुकलं ते लिहून द्यायचं. दादा म्हणाला, "हे तं वसंताचंच काम आहे!"

पप्पू डोळे फाडून म्हणाला, "मतलब, ज्यासाठी हा आमच्या शिव्या खाते, त्याचा पगार भेटते?"

वसंताच्या वडिलांनी एकच अट घातली. "मले त्यातलं काही समजत नाई. निलेश चार महिने राहून आला न तिथं? त्याले विचार. तो म्हणन तं जाय."

वसंता सायकल दामटत आला. मी क्लासच्या पायरीवर बसलो होतो.

"निल्या, तू राह्यला न पुण्याले. कसं आहे? जाऊ का?"

मला सगळं समजत होतं. हा पोरगा तिथं टिकणार, माझ्यापेक्षा दहापट टिकणार. आणि तो टिकला की माझं 'मीच सोडून आलो' गावात उघडं पडणार. खरं सांगतो, जळलो मी. दुसरं काही नाही.

"काही नाई बे तिथं," मी म्हणालो.

वसंता जरा वेळ सायकलची घंटी उगाच वाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे." आणि गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

वसंताचं वाईट झालं असं नाही. संत्र्याची बाग केली, चांगली केली. दर बहाराला माझ्या घरी एक खोकं पाठवतो. बायको म्हणते, काय गोड आहेत! मी एक फोड खातो आणि उठतो. त्या पायरीवर मी "जाय" म्हणालो असतो तर काय झालं असतं, हा हिशेब माझ्यानं अजून सुटलेला नाही.

*

तीन-चार वर्षांनी दादानं क्लास बंद केला. मशीन भंगारात द्यायची ठरली. द्यायच्या आधी कोपऱ्यातलं मशीन मी सहज चालू केलं. 'फिरण्याचा' तसाच होता. सेव्ह तोच एक. पुण्याला जायच्या आधी मी माणसाला डोंगराच्या पायथ्याशी एका झाडाखाली उभं करून गेलो होतो, तो त्याच झाडाखाली उभा होता. म्हटलं, आज तरी जाऊन पाहू. दिशा पाहायला नकाशा उघडला.

उत्तरेचा नकाशा काळा नव्हता!

डोंगरातून एक खिंड उघडलेली. खिंडीमागं दरी, दरीच्या पुढं भलंमोठं शहर, आणि शहराला लागून समुद्र. एकेक गल्ली उघडलेली. मी गेलो नव्हतो. पप्पू गेला असता तर सगळ्या कारंज्याला सांगत सुटला असता. मी वसंताला फोन लावला. तो शेतात होता.

"वसंता, त्या डोंगरामागं तू गेलता?"

"कोणत्या?"

"फिरण्याच्यातल्या."

तो हसला. "हाव. लय मोठं शहर आहे बे. पाण्यात जहाजं उभी राह्यतेत."

"कधी गेलता?"

"तू पुण्याले होता तवा."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू म्हणे मी जाऊन आलो, काही नाई. तुले कसं सांगू मंग? आपल्या माणसाले वापस आणून त्याच झाडाखाली ठेवला न. अकरा दिवस लागले वापस यायले."

मी पुण्याला होतो तेव्हा. म्हणजे पायरीवर येऊन त्यानं मला पुण्याचं विचारलं, त्याच्या वर्षभर आधी. माझं 'काही नाई' काय किमतीचं असतं हे त्याला तेव्हाच ठाऊक होतं.

"वसंता," मी म्हणालो, "मंग पुण्याचं मले काऊन विचारलं तू? अन् मी म्हणलं तं ऐकलं काऊन?"

"थांब बे निल्या, लाइट आली. मोटर चालू करून येतो."

फोन त्यानं तिथंच धुऱ्यावर ठेवला असावा. मोटर सुरू झाल्याचं ऐकू आलं, मग पाणी पडायला लागल्याचं. बऱ्याच वेळानं तो परत आला.

"हं, बोल. काय विचारून राह्यलता तू?"

"काही नाई," मी म्हणालो.