डोंगराचं माप घेणारे केशवराव

केशवरावांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, असं मी त्यांनाच विचारलं. झालं ते लिही, म्हणाले. बहिणीच्या लग्नाला दोन दिवस उरले होते आणि मी ब्लाउज आणायला त्यांच्या शिलाईच्या दुकानात गेले. ब्लाउज तयार नव्हता. कापायच्या टेबलावर वाळवंटातला एक हातभर लांब डोंगर मात्र अगदी तयार होता! मी तोंडाला येईल ते बोलले. केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं, मला स्टुलावर बसवलं आणि तासाभरात ब्लाउज शिवून दिला. तोवर मी त्या डोंगराकडे बघत बसले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तो डोंगर एका खेळासाठी होता. टेबलावर रणभूमी मांडायची, बोटाच्या पेराएवढे शिपाई मोजपट्टीने पुढे सरकवायचे, फासे टाकून निकाल लावायचा, असा हा खेळ. मैसूरमधलं आमचं मंडळ तो दर रविवारी खेळतं. मंडळाने एकदा केशवरावांकडून वाळूच्या रंगाची चादर शिवून घेतली. ती द्यायला ते आले आणि पाहतात तर काय, चादरीखाली वाडगे पालथे घालून टेकड्या केलेल्या! मापात नसलेला कोट पाहिला की त्यांचा जीव कासावीस होतो, तसंच झालं. पुढच्या रविवारी ते स्वतः डोंगर घेऊन आले. खेळाचे नियम त्यांना आजही येत नाहीत. कोण जिंकलं हेही ते विचारत नाहीत.

वाळवंट त्यांनी कधी पाहिलेलं नाही. राजस्थानात नोकरी केलेले एक निवृत्त हवालदार त्यांचं गिऱ्हाईक होते. त्यांना चहा पाजून केशवरावांनी विचारून घेतलं, वारा कुठून येतो, उतार कुठे निजलेला असतो, कडा कुठे तुटतो. मग शर्टाचा काढावा तसा डोंगराचा कागदी खाका काढला. थर्माकोलचे थर चिकटवून कापायचे, वर जुन्या अस्तराचं कापड गोंदात बुडवून बसवायचं, धुतलेली वाळू चहाच्या गाळणीतून भुरभुरायची आणि गडद रंगावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फिरवायचा. त्यांची रीत आजही हीच आहे.

त्या ब्लाउजच्या दिवसानंतर मी मंडळात खेळायला जाऊ लागले आणि केशवरावांकडे डोंगर करायला शिकू लागले. मैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या माझ्या कंपनीला शनिवारी सुट्टी, तो दिवस त्यांच्या दुकानात जायचा. पहिला डोंगर मी मोठ्या ऐटीत नेला. हिरवी झुडपं लावली होती, एका बाजूने बारीक पायऱ्याही कोरल्या होत्या. केशवरावांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अगं, हे चामुंडी बेट्ट झालं. फक्त नंदी बसवायचा राहिला.” मैसूरच्या माणसाला डोंगर कर म्हटलं की हात आपोआप आमच्या त्या पायऱ्यांच्या, नंदीच्या टेकडीकडेच वळतो. झुडपं मी तिथेच उपटली.

त्यांची एक कसोटी आहे. उतारावर शिपाई ठेवायचा आणि टेबलावर थाप मारायची. शिपाई घसरला तर डोंगर परत कापायचा. दिसायला कितीही देखणा असला तरी सूट नाही.

बेंगळुरूची मंडळी खेळायला येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी फवाऱ्याचा रंग थेट थर्माकोलवर मारला. माझा आगाऊपणा, दुसरं काय! त्या रंगाने थर्माकोल खाल्लं आणि डोळ्यांदेखत डोंगर विरघळला. दसऱ्याचे दिवस, दुकानात कपड्यांचे ढीग. तरी केशवराव दुपारभर माझ्यासोबत बसले. परवागिल्ला, चालायचंच, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

यंदा त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. गेल्या काही महिन्यांपासून त्यांचा हात थरथरतो. एके शनिवारी त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून खणात ठेवलं आणि पुरे झालं म्हणाले. त्यांच्यावाचून मी डोंगर केलेही असते, पण ते दुकानात नुसते बसून राहिलेले मला बघवले नसते. महिनाभर खपून मी एकटीने एक डोंगर केला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी शिपाई उचलून उतारावर ठेवला. तो पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला तेव्हा माझे डोळे भरून आले. केशवरावांनी शिपाई माझ्या हातात दिला. मी ठेवला. त्यांनी जोरात थाप मारली. शिपाई जागचा हलला नाही.

“डोंगर बरोबर आहे,” ते म्हणाले. “हलतो तो माझा हात. आता माप मी घेणार, कापायचं तू.”

त्यानंतर एकही शनिवार चुकलेला नाही. केशवरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या शंभरीला मी नवा डोंगर घेऊन येईन, शिपाईही मीच ठेवीन. थाप मात्र त्यांनीच मारायची.