गच्चीवरचं इंग्रजी

आमच्या घरात दोन प्रकारची पत्रकं होती. एक वडिलांची. ते फौजेत हवालदार होते, नव्या जवानांना शिकवायचे, आणि त्यासाठी मिळणाऱ्या पातळ पुस्तिकांना फौजेत पॅम्फ्लेटच म्हणतात. दुसरी मामाची. मामा साताऱ्याकडे शाळामास्तर आणि चळवळीतला माणूस. पाणीवाटप, हुंडा, शाळेतली जातपात, ज्या विषयावर पत्रक निघे त्याची एक प्रत टपालाने दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरवर येई. मी वाचायला शिकले ती या दोन्हींवर. वडिलांच्या पत्रकांत हुकूम असत, मामाच्या पत्रकांत मागण्या, आणि मामाची काही इंग्रजीतही निघत, म्हणून इंग्रजीही मी बरंचसं तिथूनच उचललं. त्यामुळे दहावीत जाईपर्यंत ‘वी स्ट्राँगली कंडेम’ ही सुरुवात करून मी पानभर लिहू शकत होते, पण समोरच्या आंटींना चहाला थांबा म्हणायची वेळ आली की माझी बोबडी वळायची.

या आंटी केरळच्या. त्यांचे यजमान वडिलांच्याच युनिटमध्ये होते. लग्नाआधी त्या नर्स होत्या. त्यांना हिंदी जेमतेम येई, आणि आईला मल्याळम येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघींच्या मध्ये उरलं होतं ते आंटींचं दवाखान्यातलं इंग्रजी आणि आईचं गावच्या शाळेतलं, नववीपर्यंतचं इंग्रजी. दिल्लीच्या थंडीत सकाळी क्वार्टरमध्ये बसवत नाही, म्हणून दोघी भाजी निवडायला गच्चीवर उन्हात जात. रविवारी मीही पुस्तक घेऊन तिथे असायची.

पहिल्याच दिवशी आंटींनी विचारलं, ‘‘भाभी, हाऊ आर यू?’’

आई ताठ बसली आणि म्हणाली, ‘‘ऑल ओके. नथिंग टू रिपोर्ट.’’

वडील फोनवर साहेबांना जे सांगत तेच तिने सांगितलं होतं. आंटी हसून लवंडल्या. ‘‘भाभी, आय ॲम नॉट युवर सी.ओ. साब. से, नॉट बॅड. से, सो-सो. से, डोन्ट आस्क.’’

यातलं ‘डोन्ट आस्क’ आईला फार आवडलं. ‘‘हे तर आपलं ‘विचारूच नका’ की गं,’’ ती मला म्हणाली. मग तिला तो छंदच लागला. आंटींनी काहीही म्हटलं की ती हात थांबवून आधी त्याला मराठीत कुठे जागा आहे ते पाही. ‘इट स्लिप्ड माय माइंड’ म्हणजे डोक्यातून निघूनच गेलं. ‘टेक युवर टाइम’ म्हणजे होऊ द्या निवांत. ‘बाय द वे’ला मात्र तिला धड जागा सापडली नाही. कदाचित म्हणूनच ती ते कुठेही घालायला लागली. ‘‘बाय द वे, भाभी, युवर मिल्क इज बॉयलिंग,’’ असं ती जिन्यातून वर ओरडायची.

मला हे सगळं पटत नव्हतं. इंग्रजी ही साहेबांची भाषा आहे, तिने माणसांचे दोन वर्ग पाडले आहेत, असं मी आईला ऐकवायची. शब्द मामाचे होते, आवेश माझा.

‘‘असेल,’’ आई मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली. ‘‘पण तुझ्या मामाचं पत्रक वाचून मला कुणाशी तरी भांडता येईल. हिच्याशी बोलता कसं येईल?’’

पुढच्या नोव्हेंबरात वडिलांची बदली फील्डला झाली. सीमेवर कुटुंब नेता येत नाही आणि युनिटचं क्वार्टर सोडावं लागतं. म्हणजे आम्ही दोघी गावी. माझं दहावीचं वर्ष, परीक्षा मार्चमध्ये. गावची शाळा वेगळ्या बोर्डाची, पुस्तकं वेगळी, भाषाही वेगळी. मधेच गेले तर वर्ष फुकट जाणार हे उघड होतं, आणि एकदा वर्ष गेलेल्या मुलीला पुढे शाळेत पाठवायचं की स्थळं बघायची, हा प्रश्न आमच्या गावात फार वेळ लोंबकळत राहत नसे. आईला ते माहीत होतं. नववीनंतर तिचं तेच झालं होतं.

वडिलांनी अर्ज दिला. साहेब ‘देखते हैं’ म्हणाले. आठवडे गेले. कोणी काही पाहिलं असं दिसलं नाही.

युनिटमध्ये दर महिन्याला बायकांची वेल्फेअर मीटिंग असे. युनिटचे प्रमुख म्हणजे सी.ओ. साहेब, त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या मॅडम, अध्यक्ष असत. आरोग्यावर भाषण, शिवणकामाची बक्षिसं, आणि शेवटी मॅडम विचारत, ‘‘एनी पॉइंट, लेडीज?’’ त्यावर सगळ्यांनी एका सुरात ‘‘नो पॉइंट, मॅडम’’ म्हणायचं. पॉइंट असले तर ते आदल्या दिवशी सुभेदारसाहेबांच्या बायकोकडे द्यायचे. त्यातले कोणते बोलायचे ते त्या ठरवत. आईने आपला पॉइंट त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, ‘‘यह तो आपके साब का मामला है, बहन. मीटिंग में अच्छा नहीं लगता.’’

मी पेटले. रात्रीचं जेवण होताच वही घेऊन बसले आणि आईसाठी इंग्रजीत भाषण लिहिलं. सैनिकांच्या कुटुंबांचे हक्क, मुलींचं शिक्षण, शेवटी तीन मागण्या. रविवारी गच्चीवर उभं राहून ते दोघींना वाचून दाखवलं. आई कौतुकाने ऐकत होती, तिला अर्धं कळलं नव्हतं.

‘‘व्हेरी नाइस,’’ आंटी म्हणाल्या. ‘‘मोळे, नाउ टेल मी, इज युवर मदर गोइंग टु टॉक ऑर इज शी गोइंग टु वॉर?’’

त्या मला मोळे म्हणत, म्हणजे त्यांच्याकडे लेकीला म्हणतात तसं. त्यांनी आईच्या पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा सरकवल्या. ‘‘भाभी, फर्गेट मॅडम. टेल मी ओन्ली. व्हॉट इज द प्रॉब्लेम?’’

शेंगा सोलता सोलता आईने सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. आंटींनी एकच वाक्य नीट करून दिलं, ‘वुड इट बी पॉसिबल’. मग त्या म्हणाल्या की मॅडम चांगल्या आहेत, त्या नाही म्हणणार नाहीत. त्या म्हणतील, ‘आय विल सी व्हॉट आय कॅन डू.’ तिथे सगळ्या बायका थँक यू म्हणून खाली बसतात. तू बसू नकोस. विचार, ‘बाय व्हेन?’ वॉर्डात त्यांनी हे पाहिलं होतं. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की नातेवाईक दिवसभर बाकावर बसून राहत. जो विचारी, ‘कधीपर्यंत, डॉक्टर?’ त्याच्यासाठी डॉक्टरांना घड्याळ पाहावंच लागे.

वडिलांना हे कळलं तेव्हा ते बूट पुसत होते. ‘‘अगं, मॅडमना असं विचारतात का? उद्या सुभेदारसाहेब मला जाब विचारायला उभं करतील.’’

‘‘तुम्ही तर फील्डला निघालात,’’ आई म्हणाली. ‘‘उभं करायला बोलावणार कुठून?’’

वडिलांनी दुसरा बूट पुसायला घेतला. नंतर एवढंच म्हणाले, ‘‘साडी निळी नेस. चांगली दिसते.’’

मीटिंगला चहा वाटायला मोठ्या मुलींना बोलावत, म्हणून मी हॉलच्या मागे ट्रे घेऊन उभी होते. बक्षिसं झाली. मॅडमनी विचारलं, ‘‘एनी पॉइंट, लेडीज?’’ ‘‘नो पॉइंट, मॅडम,’’ हॉल म्हणाला. त्याच्यामागून आईचा एकटीचा आवाज आला. ‘‘मॅडम, बाय द वे, वन पॉइंट.’’

पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सुभेदारसाहेबांच्या बायकोने मान वळवून पाहिलं. आई उभी होती. ‘‘माय डॉटर इज इन टेन्थ. हजबंड इज गोइंग टु फील्ड. इफ वी व्हेकेट नाउ, हर वन इयर विल गो. वुड इट बी पॉसिबल टु स्टे टिल मार्च?’’

मॅडमचा चेहरा खरंच मऊ झाला. ‘‘ओह. ऑफ कोर्स यू आर वरीड. आय विल सी व्हॉट आय कॅन डू.’’

‘‘थँक यू, मॅडम,’’ आई म्हणाली. बसली नाही. ‘‘बाय व्हेन?’’

‘‘सॉरी?’’

‘‘बाय व्हेन आय विल नो, मॅडम? इफ आन्सर इज नो, आय हॅव टु टेक हर ॲडमिशन इन व्हिलेज. दे विल नॉट वेट.’’

मॅडमनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. ‘‘फ्रायडे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आय विल टेल यू बाय फ्रायडे.’’ मग आई बसली.

मृदू बोलणं म्हणजे वाकणं, असं मी तोवर धरून चालले होते. पत्रकांनी मला तेच शिकवलं होतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. त्या हॉलमध्ये ‘वुड इट बी पॉसिबल’ म्हणणाऱ्या दुसऱ्या कोणाही बाईला मी लाचार म्हटलं असतं. आईच्या बोलण्यात सगळी अदब होती आणि तरी तिने समोरच्या माणसाला एका वाराशी बांधून टाकलं होतं. माझ्या तीन मागण्यांपैकी एकीतही तारीख नव्हती. मी आजही पत्रकं लिहिते, आणि या गोष्टीचं काय करायचं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. कारण एक राग त्या दिवशीही उरला होता आणि तो खोटा नव्हता. त्या हॉलमधल्या आणखी किती जणींना मुली होत्या, आणि त्यांच्या आयांना समोरच्या दारात कोणी आंटी मिळाली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. क्वार्टर सोडावंच लागेल, पण ज्यांचे नवरे फील्डला आहेत अशा कुटुंबांच्या ब्लॉकमध्ये परीक्षा संपेपर्यंत एक खोली मिळेल. ब्लॉक छावणीच्या दुसऱ्या टोकाला होता.

वडील गेल्यावर आम्ही सामान हलवलं. आंटींनी आणि आईने शेगडी दोन बाजूंनी धरून नेली. ‘‘माइंड युवर स्टेप,’’ एक म्हणत होती, ‘‘टेक युवर टाइम,’’ दुसरी. आंटी गेल्या तेव्हा आई दारात थोडा वेळ थांबली. मग आत येऊन तिने भांडी तशीच पोत्यात ठेवली आणि टेबल ओढत खिडकीशी नेलं.

‘‘आई, ही खोली मिळणं आपला हक्क होता,’’ मी म्हणाले. ‘‘उपकार नव्हे.’’

‘‘हो ना,’’ ती म्हणाली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली पुठ्ठा सरकवू लागली. ‘‘मार्चपर्यंतच आहे. बस आता, गणित काढ.’’