आय आगुआ?

मी लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवतो. भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्या मुलाला मी वर्गात उभं करून विचारतो, "तू स्वतः पाहिलंस का?" उत्तर ठरलेलं — "नाही गुरुजी, मामानं पाहिलं." मग मी म्हणतो, मामाला उद्या घेऊन ये. आजवर एकही मामा आलेला नाही. असा मी माणूस. त्यामुळे आज हे लिहायला बसताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण हे कुणा मामानं पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, भर उन्हात, दोन हातांवरून.

गोष्ट ही जर्मनांची लढाई सुरू होण्याच्या आधीची. आमचं घर मळवली स्टेशनपासून पाऊण तासाच्या चालीवर, भातखाचरांच्या कडेला. तिथं आय राहायची. आमच्याकडे आईला आयच म्हणतात. नोकरी लागल्यावर मी एकदा शिष्टपणे "आई" म्हणून हाक मारली, तर तिनं आठ दिवस मला ओ दिली नव्हती. वडील लहानपणीच गेलेले. धाकटा भाऊ सदा लोणावळ्यात एका सिंधी शेठच्या बंगल्याची देखरेख करायचा. इंग्रजी पाच यत्ता झालेला, अक्षर मोत्यासारखं. शेठची रेशमी कापडाची दुकानं पार कुठं कुठं, त्यातलं एक कॅनरी बेटांवर. आफ्रिकेच्या पलीकडच्या अंगाला समुद्रात ही बेटं आहेत आणि भाषा तिथली स्पॅनिश. एक दिवस शेठनं सदाला विचारलं, "दुकानात जातोस का? तीन वर्षांचा करार." आणि हा पठ्ठ्या हो म्हणून मोकळा झाला.

जायच्या आधी महिनाभर तो घरी होता; शाळेला सुट्टी, म्हणून मीही. शेठनं त्याला प्रवाशांसाठी लिहिलेलं स्पॅनिश वाक्यांचं एक लाल पुस्तक दिलं होतं. उच्चार शेठच्या मुनीमाकडून घ्यायचे, पुस्तकात पेन्सिलीनं देवनागरीत लिहायचे आणि ओट्यावर बसून घोकायचे, हा याचा दिवसभराचा उद्योग. आय चुलीपुढं बसून ऐकायची. "पोर फावोर," हा म्हणायचा. म्हणजे कृपा करून.

"कुनाचं पोर?" आतून आवाज यायचा.

"कुनाचं न्हाई गं आय! भाशाच तशी हाय ती."

मग एक दिवस पाण्याचं वाक्य आलं. 'पाणी आहे का?' याला त्या भाषेत म्हणतात, "आय आगुआ?" त्यांच्यात 'आहे'ला 'आय' म्हणतात. लिहिताना ह लिहितात पण म्हणत नाहीत; म्हणजे आमचं 'हाय'च, ह गिळलेलं. सदानं मोठ्यानं घोकलं, "आय आगुआ? आय आगुआ?" तिसऱ्या वेळेला आय चुलीपुढनं उठून बाहेर आली.

"काय रं? कवाधरनं हाका मारतूयास. आगुआ म्हंजी काय?"

"पानी," सदा हसत सुटला.

तिनं पितळेचा तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. तेव्हापासून हा खेळच झाला. हा म्हणायचा "आय आगुआ?", ती तांब्या आणायची. त्या तांब्याच्या काठाला एका बाजूला पोचा होता. लहानपणी तो मीच दगडावर आपटलेला.

पुस्तकात खाली त्याचं उत्तर होतं, "नो आय." म्हणजे नाही, संपलं. सदानं ते एकदाच म्हटलं. नो म्हणजे नाही, एवढं आयला सदाच्या तोंडच्या इंग्रजीतून ठाऊक होतं. ती अशी भडकली की विचारू नका.

"आय न्हाई? जित्ती बसलीया मी हितं अन् आय न्हाई म्हनतूस? मी हाय की हितं! खोड ते आदी, माज्यादेखत खोड!"

तिचे डोळे भरले होते. सदानं पेन्सिलीनं ती ओळ गिचमिडून टाकली आणि पुन्हा कधी ती तोंडातून काढली नाही. आम्ही दोघं मात्र पुढं कितीतरी दिवस त्यावर हसत होतो.

सदा गेला. वर्षभर पत्रं येत होती, पैसे येत होते. मग चैत्रातल्या एका गुरुवारी शेठचा माणूस शाळेत माझ्याकडे तार घेऊन आला. 'सदाशिव सीरियस. टायफॉईड. होप लिटिल.' अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि दुपारच्या गाडीनं मळवलीला उतरलो. आयला सांगायचंच असं ठरवून निघालो होतो. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं. पण ओट्यावर येऊन तिचं तोंड पाहिलं आणि म्हणालो, "सुट्टी होती, म्हणून आलो." तार कोटाच्या आतल्या खिशात तशीच राहिली.

साडेचार वाजले असतील. ऊन ओट्यावर सरळ पडत होतं, दगडाला हात लावला तर चटका बसत होता. मी खांबाला टेकून बसलो होतो. शेजारची गंगूमावशी दारात तांदूळ निवडत होती. आय आत होती. अचानक आय तांब्या भरून लगबगीनं बाहेर आली. मला वाटलं, माझ्यासाठी आणला. मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ओट्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली, कुणी काही बोललं तर ऐकावं तशी मान कलती करून. आणि एकदम ओरडली,

"कोन म्हनतंय नो आय? कोन म्हनतंय? हाय की! मी हाय की हितं!"

मग ती गुडघ्यावर बसली. डावा हात असा धरला, जसा आजारी माणसाच्या मानेखाली घालतात. उजव्या हातानं तांब्या हळूहळू कलता केला. पाण्याची धार पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खाली पडली नाही... हाताच्या वर, वितीभर अंतरावर, ती धार संपत होती. कुठं जात होती ते दिसत नव्हतं. अर्धा तांब्या रिता झाला. गंगूमावशीच्या हातातलं सूप खाली पडलं. मी उठून ओट्याचा दगड चाचपला. कोरडा. चटका बसेल इतका तापलेला आणि कोरडा ठाक. माझे दात वाजत होते, चैत्रातल्या उन्हात!

"आय, काय करतेस हे?" मी कसंबसं विचारलं.

"पोरानं पानी मागितलं, दिलं. त्यात काय इचारायचं?" ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. जरा वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

गंगूमावशी माझ्याकडं बघत म्हणाली, "गुर्जी, तुमी बी बगितलं न्हवं?" मी मान डोलावली.

मी आयला तारेबद्दल काही सांगितलं नाही आणि हे जे पाहिलं ते सदाला कळवलं नाही. काय कळवणार? एक मात्र केलं. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर रेखांश मोजून हिशेब मांडला. आमचे साडेचार म्हणजे त्या बेटावर सकाळचे दहाच्या आसपास.

पाच आठवड्यांनी सदाच्या हातचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं, पण त्याचंच. लिहिलं होतं, एका लहानशा दवाखान्यात होतो, शुद्ध येत-जात होती. वार गुरुवार होता हे नक्की, कारण दुकानातला सोबती गुरुवारीच भेटायला यायचा आणि तो नुकताच येऊन गेला होता. सकाळी दहाचा सुमार. त्या बेटावर पाण्याचे हाल, पाणी गाडीवरून यायचं आणि त्या सकाळी गाडी आलीच नव्हती. पुढचं त्याच्याच शब्दांत देतो, पत्र माझ्यासमोर आहे —

'घसा जळत होता. मी नर्सला विचारलं, आय आगुआ? ती म्हणाली, नो आय. दादा, खोडलेली ओळ ती. मला रडूच कोसळलं. वाटलं, आता मी मरतो. तेवढ्यात आयचा आवाज आला, मी हाय की हितं. मानेखाली हात आला. ओठाला तांब्याचा काठ लागला. पोचा असलेली बाजू, दादा! पाणी आपल्या विहिरीचं. पोटभर प्यालो. नंतर नर्स येऊन मलाच रागवायला लागली, की वॉर्डात थेंब नाही आणि तुझी उशी ओली कशी? त्या दिवसापासून ताप उतरला.'

वातभ्रमात आवाज ऐकू येतात, मान्य. आयला मनातून काही जाणवलं असेल, तेही मान्य करतो. पण इथला कोरडा दगड आणि तिथली ओली उशी? हे गणित मला अजून सुटलेलं नाही. कुणाला सुटलं तर मला जरूर कळवा, मी शाळेतच भेटतो.

इथंच थांबणार होतो. पण अर्धं सांगून उपयोग नाही.

तीन वर्षांचा करार संपेपर्यंत लढाई पेटली, बोटी बंद झाल्या, सदा तिकडंच अडकला. परवाच्या पावसाळ्यात आय गेली. सोमवारी संध्याकाळी, दोन दिवसांच्या तापानं, माझ्या मांडीवर. सदाला कळवायला माझा हात होईना. टपाल जातं की नाही याचीच खात्री नाही, मग घाई कशाला, असं मीच मला समजावत होतो. तार लपवली तेव्हाही मी असाच वागलो होतो.

तीन महिन्यांनी त्याचं पत्र आलं. ते आय गेल्याच्याच आठवड्यात लिहिलेलं होतं. माझ्याकडून त्याला एक ओळही गेलेली नव्हती.

'दादा, तुला कधी सांगितलं नाही, तू हसशील म्हणून. रोज सकाळी पाण्याचा पेला उचलताना मी आपला म्हणतो, आय आगुआ? आणि रोज कानाशी आवाज येतो, हाय. इतकी वर्षं एक दिवस चुकला नाही. या मंगळवारपासून येत नाही. तू लपवतोस, मला ठाऊक आहे. या वेळी लपवू नकोस.'

मी कागद घेतला. मला ती भाषा येत नाही, तिच्यातली चार-पाच वाक्यं ओट्यावर बसून कानावर पडली तेवढीच. पण मराठीत लिहायला हात चालेना. शेवटी कागदाच्या मधोमध दोनच शब्द लिहिले.

नो आय.

खाली सही केली आणि पत्र पोस्टात टाकून आलो.