समुद्रपुष्पाचा उन्हाळा

यांना पाण्याचं वेड होतं आणि मला पाण्याची भीती. उमरखेडला माहेरी आमच्या आडात एकदा मांजर पडलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा सगळी गल्ली आजारी पडली होती. आड उपसताना आलेला तो वास मी लहानपणी घेतला, तो कायमचा नाकात बसला. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास तेव्हापासून राहिला नाही.

हे यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं आणि सासूबाई, तीन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं भाड्याचं घर. त्यातल्या उत्तरेकडच्या थंड खोलीत यांनी काचेची टाकी मांडली होती. लोखंडी पट्ट्यांची चौकट, गंजू नये म्हणून तिला आतून डांबर फासलेलं. विद्यार्थ्यांची सहल घेऊन हे रत्नागिरीकडे गेले होते, तेव्हा वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या मोठाल्या काचेच्या बरण्यांतून समुद्राचं पाणी भरून आणलं. सोबत वाळू, शिंपले चिकटलेले काळे दगड, खडकांच्या डबक्यांत राहणारे बोटाएवढे मासे आणि शंख पाठीवर घेऊन फिरणारे दोन खेकडे. हवा सोडायला मोटारीची जुनी ट्यूब होती. ती सायकलच्या पंपानं फुगवायची, आणि तिच्यातून बारीक नळीनं हवा पाण्यात बुडबुडत राहायची. आमच्याकडे येणाऱ्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. ते टाकीपुढे हात जोडून उभे राहायचे.

तोवर ठीक होतं. पुढच्या सहलीहून यांनी समुद्रपुष्प आणलं.

मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीनं आले, तेव्हा बरणी मांडीवर होती आणि तिच्यावर ओला रुमाल. मला वाटलं होतं, फूल म्हणजे फुलासारखं काही असेल. बरणीत सोललेल्या कातड्यासारखा तपकिरी गोळा होता. यांनी तो टाकीतल्या मधल्या दगडावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो उघडला. जांभळ्या टोकांची बोटंच बोटं बाहेर आली आणि वारा नसताना हलायला लागली.

"हे झाड आहे का?" मी विचारलं.

"प्राणी आहे. त्या बोटांना विष असतं. माशाला पुरतं तेवढंच, माणसाला फार तर खाज येईल."

सासूबाई उंबऱ्यातून बघत होत्या. त्यांचं माहेर बोरी अरबचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. "घरात लेकरू येऊन राह्यलं अन् हा विषाचा गोळा कायले आणला रे?" त्यांनी विचारलं. हे नुसते हसले.

मला तेव्हा दिवस गेले होते. त्याआधीचं माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ते हलायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं, झोपलं असेल. हे सांगायचं एवढ्यासाठी, की त्यानंतर निपचित पडलेली कुठलीही गोष्ट मी शांतपणे बघू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते मधल्या दगडावर नव्हतं. कोपऱ्यातल्या काचेला चिकटलं होतं. ते चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग एकदा दुपारी मी त्याच खोलीत तांदूळ निवडत बसले होते. सहज वर पाहिलं, तर त्याच्या तोंडातून एका माशाची शेपटी बाहेर आलेली. शेपटी अजून हलत होती. मी सूप तिथंच टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या दिवसापासून त्या खोलीत जाताना मी आधी दारातूनच ते कुठं आहे ते बघून घ्यायची.

एप्रिलपासून ऊन चढायला लागलं. याच सुमाराला यांना पेपर तपासायला नागपूरला जायचं होतं.

"नाही गेलं तर चालणार नाही का?" मी म्हटलं.

"बोलावणं आलंय, जावं लागेल. ओली पोती टाकीभोवती बांधत जा. पाणी आटलं तरी मीठ टाकीतच राहतं, म्हणून नुसतं गोडं पाणी काचेवरच्या खुणेपर्यंत घाल. आणि तांब्यापितळेचं भांडं त्या पाण्याला लावायचं नाही, एकदाही नाही. त्यानं समुद्रातले जीव मरतात."

"आणि हे समुद्रपुष्प मेलं तर?"

"मेलं तर लगेच बाहेर काढायचं. ते सडलं की सगळं पाणी विषारी होतं, मग टाकीत एकही जीव राहणार नाही."

"मेलं हे कळायचं कसं?"

यांनी जरा विचार केला. "वास येईल. हात लावला तर विरघळल्यासारखं लागेल."

"आणि जिवंत असताना ओढलं तर?"

"तर त्याचा तळ फाटेल, आणि त्यानंच मरेल."

एवढं सांगून हे निघून गेले. माझ्या डोक्यात मात्र ती दोन वाक्यं एकमेकांशी भांडत राहिली.

ट्यूब फुगवायचं काम सासूबाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. "तू वाकू नको वं," म्हणाल्या, आणि नऊवारीचा काचा मारून पंपाशी उभ्या राहिल्या. पंप मारताना पूर्ण वेळ त्या लेकाला बोल लावायच्या, पण एकही वेळ चुकवली नाही.

मग गरम वाऱ्याची लू सुटली. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पोती बांधता बांधता वाळायची. एका दुपारी मी खोलीत गेले आणि दारातच थांबले. समुद्रपुष्प काचेवरून अर्धं सुटून लोंबत होतं. बोटं आत ओढलेली, तोंड वासलेलं, त्यातून पांढरट तार बाहेर आलेली. रंग राखेसारखा झाला होता. पाणी दुधी दिसत होतं, आणि एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता.

मी वास घेतला. त्या खोलीला कायम समुद्राचा वास यायचा, त्यात मेल्याचा वास निराळा कसा ओळखायचा? मला मांजराचा वास आल्यासारखं वाटलं. मग वाटलं, तो माझ्या नाकातलाच असेल. ओढून काढावं आणि ते जिवंत असलं तर? ठेवावं आणि मेलेलं असलं तर? हात लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि माझा हात काही पुढे होईना. त्याच वेळी लक्षात आलं, की सकाळपासून माझं बाळही हललेलं नाही. मी भिंतीला धरून खाली बसले आणि सासूबाईंना हाक मारली. आवाज कसा निघाला कोण जाणे, त्या कणकेच्या हातानं धावत आल्या.

"काय झालं? पोटात दुखते का?"

"आई, ते मेलंय की जिवंत आहे ते कळत नाहीये. आणि बाळ पण हलत नाहीये."

त्यांनी आधी मला भिंतीला नीट टेकवलं. माझ्या पोटावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. हाताखाली काही हललं नाही. मग उठल्या, कणकेचे हात धुतले आणि टाकीकडे गेल्या.

"हात लावल्याबिगर समजणार नाही ना?"

"मी लावते, आई."

"तू बस तिथं. तुह्या पोटात लेकरू आहे. माह्या म्हातारीले काय होते!"

पण त्याही घाबरल्या होत्या. हात पाण्याच्या वर थबकला होता. देवाचं नाव घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि हात कोपरापर्यंत आत घातला. पुढच्या क्षणी किंचाळल्या.

"धरलं! मले धरलं यानं!"

हात झटकन वर आला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. त्यांच्या दोन बोटांना चिकटाच्या तारा लोंबत होत्या.

"जित्तं आहे वं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मेलेलं असं धरत नाही."

आता ते वाचवायचं होतं. खाटेखाली अंधारात समुद्राच्या पाण्याची एक बरणी बूच लावून ठेवलेली होती, अडचणीच्या वेळेसाठी. टाकीतलं दुधी पाणी काढून ते घालायचं, एवढं मला सुचलं. सासूबाई स्वयंपाकघरातून पितळी तांब्या घेऊन आल्या आणि टाकीत बुडवायला वाकल्या.

"ठेवा तो!" मी ओरडले.

लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या जागच्या जागी थिजल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या जमिनीवर ठेवून दिला.

"मग काय घेऊ, ते सांग."

"काचेचा जग."

त्या जगानं पाणी काढत राहिल्या, नवं घालत राहिल्या. चौकातून बर्फ मागवला, बाटलीत भरून बाटली टाकीत तरंगत ठेवली. मी बसल्या बसल्या पोती भिजवून देत होते. वर आलेला तो मासा तेवढ्यात मेला, त्याला अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली पुरलं. पोतं पिळताना पोटात डावीकडून जोराची लाथ बसली. मी पोतं हातात धरून तशीच रडत राहिले. सासूबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवून पाहिला आणि पुन्हा जग उचलला.

समुद्रपुष्प लगेच काही उघडलं नाही. रोज सकाळी आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून दारातून डोकावायचो. एका सकाळी जांभळी टोकं बाहेर आलेली दिसली. सासूबाई म्हणाल्या, "आला बाई राक्षस!" आणि पंपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

हे परत आले ते हातातली पिशवी खाली न ठेवताच टाकीपाशी गेले. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी आपली बोटं यांच्या नाकासमोर धरली. बोटांवर अजून लाल पुरळ होतं.

"हे पाह्य. बायकोले असं टाकून जाशील तर याद राख."

यांनी ती बोटं हातात घेतली. बराच वेळ सोडली नाहीत.

पुढे बाळंतपणाला मी उमरखेडला गेले. मुलगी झाली, धडधाकट. दिवाळीनंतर तिला घेऊन परत आले तेव्हा टाकी रिकामी होती, वाळू काढून पुसून ठेवलेली. पोळ्याच्या सुमारास पाणी एकाएकी बिघडलं होतं. हे कॉलेजात, सासूबाई शेजारी भजनाला. परत येईतो सगळं संपलं होतं. बाळंतिणीला कळवायचं नाही, असं मायलेकांनी ठरवलं होतं.

घरातली सगळ्यांत थंड खोली तीच. सासूबाईंनी तिथंच पाळणा बांधायचं काढलं. मी नको म्हटलं. पाळणा स्वयंपाकघराशेजारी बांधला गेला. तिथं फार उकडायचं, पण मुलगी हलली की मला ऐकू यायचं.