लालबीचा रोटर आणि आप्पांचं ढेकूळ

वडगाव रासाईत कुणाला कांद्याचं रोप टाकायचं असलं, की आधी लालबीला फोन जातो. नवऱ्याचे, अमजदचे, गुडघे गेले तेव्हा त्यानं ट्रॅक्टर विकायला काढला होता. गिऱ्हाईक दारात आलं, तर लालबीनं चावी पिठाच्या डब्यात लपवली आणि तोंड पाडून सांगितलं, "चावी हरवली. आठ दिवसांनी या." त्या आठ दिवसांत ती ट्रॅक्टर चालवायला शिकली. शेजाऱ्याचा एक पेरू आडवा झाला, तेवढंच. गिऱ्हाईक पुन्हा आलं ते तिला ट्रॅक्टरमागं माती भुसभुशीत करणारा रोटर चालवताना बघून परत गेलं.

तिची एक खोड होती. वावरात शिरली की मूठभर मातीचा लाडू वळायची आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायची. लाडू फुटला तर वाफसा झाला, म्हणजे माती मशागतीजोगी सुकली. थप्पकन बसला तर ट्रॅक्टर माघारी. गेल्या कार्तिकात गेनूआप्पांच्या वावरातून ती अशी दोनदा माघारी गेली. आप्पा फुगून बसले.

तिसऱ्या दिवशी लाडू फुटला. लालबीनं आडवा-उभा रोटर मारला. माती रव्यासारखी झाली. आप्पा अनवाणी वावरभर फिरले आणि मधोमध वाकून ओरडले, "घावलं! हे बघ, नारळाएवढं ढेकूळ! ह्याला रोटर म्हंत्यात व्हय?"

लालबीनं ट्रॅक्टर बंद केला. एवढं मोठं सुटलं कसं? ती खाली उतरली. पायाखालची माती काळी, ओलसर. आप्पांच्या हातातलं ढेकूळ पिवळं, खडखडीत. तिनं ते घेऊन फोडलं. आत कोंबडीचं पीस.

"आप्पा, तुमच्या कोंबड्या वावराखाली ऱ्हात्यात का?"

आप्पांची बायको धुरपदाबाई बांधावर चहाची किटली घेऊन उभी होती. "आगं बया! सकाळधरनं खुराड्याची भिंत उकरत हुता, ते ह्यापायी व्हय!"

आप्पांची मान खाली गेली. लालबी मात्र भांडली नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आता ट्रॅक्टरमागं फळी बांधून फिरवू, उरलंसुरलं ढेकूळ फुटंल, म्हंजी शंका नगं. पर फळी हलकी हाय, वजन पायजे. बसा, आप्पा."

नाही म्हणावं तर धुरपदाबाई हसणार. आप्पा बसले. दोन फेऱ्यांत भागलं असतं. लालबीनं पाच मारल्या. प्रत्येक वळणावर आप्पा ओरडायचे, "लालबे, पुरं की गं!"

"थांबा, तिकडं एक बारकं दिसतंय!"

उतरले तेव्हा धोतर कुठलं आणि माती कुठली, कळेना. धुरपदाबाईनं चहा आधी लालबीला दिला.

बी टाकल्यावर आठव्या दिवशी कांद्याचं रोप एकसारखं वर आलं. आप्पांनी मांडवगणच्या मेव्हण्याला फोन लावून लालबीचा नंबर दिला आणि बजावलं, "काम चोख करती. फकस्त फळीवर बस म्हणाली, तर पाठ धरलीय म्हणून सांग."