कुंकू लावलेलं भिंग

काल खंडेनवमीला यांनी स्कूटर पुजली, विळी पुजली आणि माझा वाचायचा चष्माही पाटावर मांडला. झेंडूचा उग्र वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

पालमच्या शाळेत दहावीला आम्हाला भिंगाचा धडा होता. वक्रता केंद्र, मुख्य अक्ष, नाभी, नाभीय अंतर, सगळ्या व्याख्या सर घोकून घ्यायचे. भिंग मात्र कायम कुलपात. ते बाहेर यायचं फक्त खंडेनवमीला, पूजेपुरतं. त्या दिवशी सरांनी कुंकवाचं बोट थेट त्याच्या फुगीर मध्यावर टेकवलं. शेजारच्या खिडकीत लख्ख ऊन होतं.

मी म्हटलं, "सर, एकदा उन्हात धरू द्या की. नाभी कुठं पडती ते बघायचंय."

"पूजेतली वस्तू हाय, पोरी. फुटली तर? व्याख्या पाठ हाय ना?"

पाठ होती. मी ती धडाधडा म्हणून दाखवली. सरांनी शाबासकी देऊन मूठभर फुटाणे दिले आणि भिंग कुंकवासकट कपाटात गेलं. तेव्हा मी हरखले होते. आता त्या फुटाण्यांचा राग येतो.

काल यांचं कुंकवाचं बोट चष्म्याकडे वळलं तसा मी तो उचलला.

"अगं, पूजा चाललीय," हे म्हणाले.

"चालू द्या."

अंगणात जाऊन चष्म्याचं एक भिंग पेपरावर धरलं. हात वर नेत गेले तसा उजेडाचा ठिपका बारीक होत गेला. त्यावर बोट ठेवलं. चांगलाच चटका बसला. इतकी वर्षं पाठ असलेल्या व्याख्येत तो कुठंच नव्हता.