हिराबाईच्या खोलीवर पडलेला बेहडा

दिवाळी आटोपल्यावर मंगलने, म्हणजे माझ्या सहधर्मचारिणीने, दोन दिवस कुठेतरी जाण्याचा ठराव मांडला आणि तो स्वतःच मंजूर करून टाकला. तिला समुद्र हवा होता. उन्हाळ्याच्या अखेरीस आलेल्या चक्रीवादळाने मोडलेली किनाऱ्यावरची घरं आता पुन्हा पाहुणे घ्यायला लागली आहेत, माशांचं ताट पूर्वीसारखं मिळतं, असं जो तो सांगत होता. मी म्हटलं, समुद्राची विचारपूस करायला सारी मुंबई निघाली आहे. तेच वादळ पुढे शहापूर-मुरबाडवरूनही गेलं. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही त्यांच्या घरांवरची कौलं समुद्राने नेली, तर त्यांच्याकडेही कोणीतरी जायला हवं.

"म्हणजे तुम्हाला सिद्धगडाला जायचंय," मंगल म्हणाली. "तेवढं सरळ बोला की. संस्कृत शिकलेल्या माणसाला प्रस्तावनेशिवाय मागणं मागता येत नाही का हो?"

येत नाही. आमच्याकडे मंगलाचरणाशिवाय चहासुद्धा मागत नाहीत.

शनिवारी सकाळी कल्याणहून गाडी काढली. नाशिक महामार्गाचं काम चालू आहे, आणि ते अनादी-अनंत या दोन्ही विशेषणांना पात्र आहे, तेव्हा वेळेचा हिशोब सैल ठेवा. शहापूरला मिसळ खाल्ली. सत्तर रुपयांत दोन पाव आणि डोळ्यांत पाणी. तिथून आटगावमार्गे तानसा. धरणाजवळ आत सोडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. बाहेरूनच पाहायचं. पाणी होतं तसंच आहे, निळसर, शांत, मुंबईच्या नळांचा विचारही न करणारं. काठचं जंगल मात्र एका बाजूला झोपलेलं. उंच झाडं कमरेतून मोडलेली, मुळं वर करून पडलेली, आणि त्यांच्यामधून नवं गवत हातभर वाढलेलं. गवताला वादळाचं सुतक नसतं.

रस्त्यालगत एक रिसॉर्ट आहे. मागे एकदा आम्ही तिथे थालीपीठ खाल्लं होतं. दारातला प्लास्टरचा जिराफ मान तुटून पोहण्याच्या तलावात पडला होता. तलावात पाणी नव्हतं. राखणदार खुर्ची टाकून बसला होता.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू हाय ना."

"मग जेवण मिळेल?"

"नाय. बंद हाय."

"अहो, चालू की बंद?"

"मालक बोलला, कोन आला तं चालू सांग," तो म्हणाला. "मी सांगतो. पन आत काय नाय."

मंगल हसली. तोही हसला. मग आम्ही तिघेही त्या जिराफाकडे पाहत थोडा वेळ उगीच उभे राहिलो.

शहापूरला परत येऊन किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचलो. रस्ता बरा आहे. पुलांजवळ तेवढं जपून. दोन्ही बाजूंना भातकापणी झालेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या. कुठे निळी ताडपत्री घातलेलं छप्पर, कुठे नुसत्या भिंती. मुरबाडला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. म्हसा ओलांडून नारिवलीच्या बाजूला वळलं की सिद्धगड समोर येतो. डोंगराला काही झालेलं नव्हतं. मोठ्यांना सहसा होत नाही.

पायथ्याच्या एका वाडीत हिराबाईंचं घर आहे. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही; ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हिराबाई, त्यांचा नवरा गणपत आणि सासरा कमळूबाबा. गणपत ट्रेकवाल्यांना गडावर नेतो, हिराबाई जेवण करतात, आणि घराला जोडून त्यांनी पाहुण्यांसाठी एक खोली बांधली आहे. शेणाने सारवलेली, खिडकीतून गड दिसणारी. आम्ही तिथे तीनदा राहिलो आहोत. त्याआधी हे कुटुंब भात झालं की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. या खोलीने त्यांची भट्टी सुटली होती.

अंगणात पाय ठेवला आणि मंगलने माझा दंड धरला. खोली नव्हती. होतं ते झाड. घरामागे वाघोबाची देवराई आहे, तिच्या कडेचा जुना बेहडा वादळात उपटून आडवा झाला होता, तो नेमका त्या खोलीवर. भिंती बाहेर फुटलेल्या, कौलांचा चुरा, आणि मधोमध गाडीएवढ्या घेराचं खोड. राहतं घर तेवढं वाचलं होतं.

"या वैनी, या दादा," हिराबाई चुलीपासून उठत म्हणाल्या. "आज ओटीवर झोपा. आत झाड झोपलाय."

मला वाटलं, कुठल्या तरी खात्याच्या परवानगीसाठी अडलं असणार. मी तत्काळ अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली. अर्ज लिहिणं ही माझी एकमेव समाजसेवा आहे.

"सायबानी कवाच सांगलंय, उचला," गणपत म्हणाला. "सरकारचा काय नाय."

"मग?"

त्याने राईकडे हनुवटी केली. "त्याचा हाय."

खोडाच्या बाजूला तोडलेल्या फांद्यांची रास होती. एकसारखे तुकडे, व्यवस्थित रचलेले, कोणी प्रदर्शनात मांडावेत तसे. त्यांवर पांढरी छत्रं उगवली होती. आणि हिराबाई चुलीत घालत होत्या त्या काटक्या लांबच्या ओढ्यापलीकडून डोक्यावरून आणलेल्या. मंगलने सहज विचारलं, "इतकं सरपण दारात असताना?" त्यावर हिराबाईंनी कपाळाला हात लावला आणि भाकरी थापता थापता सगळं सांगितलं.

राईतलं झाड तोडायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण राईतलं झाड आपोआप पडलं, तरी त्याला लगेच हात लावत नाहीत. त्याची पानं त्याची त्याने गाळू द्यायची. पानं गळली की झाड गेलं. मग पीक घरात आल्यावर भगताने वाघोबाला गाऱ्हाणं घालायचं, आणि वाटेत किंवा घरावर पडलेलं झाड देव सहसा देतो. वर्षातून एकदाच विचारायचं असतं. इथले भगत कमळूबाबाच. म्हणजे खोली गेली तरी प्रश्न चार-पाच महिन्यांच्या धीराचा होता. तो त्यांनी धरला.

पण पाऊस ओसरता ओसरता शहरातून एक मदत करणारी मंडळी आली. चांगली माणसं, हिराबाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. चादरी आणल्या, बिस्किटं आणली आणि पेट्रोलवर चालणारी करवत आणली. हिराबाई-गणपत खाली शेतात, कमळूबाबा म्हशाच्या बाजाराला. शेजारची म्हातारी नको नको म्हणत होती. त्यांना वाटलं, ती आवाजाला घाबरते. थोडी मुळं अजून मातीत धरून होती, त्यामुळे पानं हिरवीगार होती; त्यांनी त्याच फांद्या तोडल्या, रचल्या, राशीपुढे फोटो काढले आणि अंधारात घाट लागू नये म्हणून निघून गेले. जाताना खोडाला हात लावून म्हणाले, पुढच्या वेळी हेही करू.

"आमी वर आलो तं रास बगली," हिराबाई म्हणाल्या. "बाबा तितंच खाली बसला. जित्या झाडाला करवत लावली ना गो वैनी."

"मग आता?"

"आता उद्या इचारायचा. उद्याच हाय." त्यांनी भाकरी उलटली. "दिला तं गणपत नि भाऊबंद मिळून उचलतील, खोली उभी करू, मार्गशीर्षात पावनं येतील. नाय दिला तं परवा मुकादमाचा टेम्पो हाय."

टेम्पो म्हणजे वीटभट्टी. वालाची आमटी, नाचणीची भाकरी, ठेचा असं जेवलो. जेवणाचे माणशी दीडशे त्या आग्रह करूनही पुरे घेईनात. ओटीचं भाडं तर मुळीच नाही.

रविवारी उन्हं वर येताना कमळूबाबा आंघोळ करून राईत गेले. मागे आम्ही. वाघोबा म्हणजे शेंदूर लावलेली एक उभी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. राईचं छत फाटलं होतं आणि जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं तिथे ते सरळ वाघाच्या तोंडावर पडलं होतं. वाघाला ते मानवलेलं दिसत नव्हतं.

बाबांनी नारळ ठेवला, पळसाच्या पानावर नवे तांदूळ ओतले आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "ज्यांनी कापला ते पावने व्हते. त्यांना ठावं नवता. त्यांच्या बदली आमी पाया पडतो. चालल का?" मग त्यांनी तांदळाची चिमूट घेतली आणि दाणे दोन-दोन करून पानावर मांडले. सगळ्या जोड्या लागल्या तर होकार. एक दाणा उरला तर नकार. असं तीनदा करायचं, आणि दोनदा येईल ते उत्तर.

पहिल्या चिमटीला सगळ्या जोड्या लागल्या. हिराबाईंनी पदर तोंडावर धरला. दुसऱ्या चिमटीला एक दाणा उरला. तिसऱ्या वेळी बाबांचं बोट खूप हळू चाललं. आम्ही सगळेच वाकलो होतो. शेवटी एक दाणा उरला. बाबांनी तो उचलला नाही, नुसते त्याच्याकडे बघत बसले.

"पैला होकार व्हता ना, बाबा," हिराबाई म्हणाल्या.

"पैल्या चिमटीत माजाच जीव व्हता," बाबा म्हणाले. "ती मोजायची नाय."

"एक दाणा जास्त धरला असता तं काय बिगडलं असतं? तुमचंच घर ना ते?"

"माजाच हाय," बाबा म्हणाले. "म्हनून तं नाय धरला."

मला राहवलं नाही. आमच्या शास्त्रांत प्रत्येक दोषाला प्रायश्चित्त आहे, आणि प्रायश्चित्त परवडत नसेल तर त्याला पर्याय आहे, आणि पर्यायही जमत नसेल तर ब्राह्मणाला जेवू घालण्याची सोय आहे. इतकी दारं असलेलं घर बांधण्यात आमच्या पूर्वजांची हयात गेली. मी बाबांना विचारलं, "याला काहीच उपाय नाही?"

"हाय की," ते म्हणाले. "ज्यानं कापला त्यानं यायला पायजे. नारळ ठेवायचा, चुकला बोलायचा. तो कवा पन आला तरी चालतो. त्याला वर्साचा बंधन नाय."

"इतकंच?"

"इतकाच. पन त्यानंच."

मी गणपतला विचारलं, ती माणसं कोण होती? नाव? फोन? त्याला माहीत नव्हतं. पांढरी गाडी होती. एक बाई होत्या, त्यांनी हिराबाईंच्या शेजारणीला मिठी मारली होती. चादरींवर कुठलंही नाव नव्हतं. गुपचूप दान करणाऱ्यांबद्दल मला आयुष्यभर आदर वाटत आला आहे. त्या दिवशी प्रथमच त्यांचा राग आला.

परतल्यावर हिराबाई सासऱ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्यासाठी पोहे केले, आणि मग लुगडी, पातेली, पीठ असं एका मोठ्या कापडात बांधायला घेतलं. मंगल त्यांच्यासोबत बसून गाठी मारू लागली. बाबा जाणार नव्हते. म्हाताऱ्याला भट्टीवर कोण घेतो, आणि राईत दिवा कोण लावणार.

"तुमी खायचा काय एकट्यानं?" हिराबाई शेवटी पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"शेजारी देतील."

"देतील! तुमचा देव देईल ना," त्या म्हणाल्या. मग तांदळाचा डबा उचलून बाबांच्या खाटेखाली सरकवला, तिखटाची पुडी त्यावर ठेवली आणि पुन्हा गाठोड्याकडे वळल्या.

गडावर आम्ही गेलोच नाही. तुम्ही गेलात तर वाट मोकळी आहे, माचीपर्यंत खुणा नीट आहेत, पाणी सोबत ठेवा. येताना म्हशावरून मुरबाड, तिथून कल्याण असा सरळ रस्ता आहे. मुरबाडच्या पुढे मंगल म्हणाली, "तुम्ही काही बोलत का नाही?" मी म्हटलं, सुचत नाही. तुम्हाला सुचत नाही ही गोष्ट सर्वांना सांगेन, असं तिने बजावलं.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. पायांचा शीण एका रात्रीत गेला. त्या उरलेल्या दाण्याचं मात्र काय करावं ते मला कळलेलं नाही. बाबांनी एक दाणा जास्त धरावा असं मला तिथे उभं असताना अगदी मनापासून वाटत होतं, आणि तो धरला असता तर पुन्हा त्या घरी जाताना मला लाज वाटली असती. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांचा समन्वय लावण्याची विद्या मी शिकलो होतो, पण ती इथे चालत नाही.

म्हणून सरळ लिहितो. यंदा पावसाळ्याच्या शेवटी पांढऱ्या गाडीतून सिद्धगडाच्या पायथ्याला चादरी आणि करवत घेऊन गेलेली मंडळी तुम्ही असाल, किंवा अशा राशीपुढचा फोटो कोणाकडे पाहिला असेल, तर कृपया मला कळवा. तुम्ही वाईट काही केलं, असं तिथे कोणीही म्हणत नाही. शिक्षा नाही, दंड नाही. अर्ध्या दिवसाचा प्रवास, एक नारळ आणि एक वाक्य, बस्स. वाट मी दाखवीन, पेट्रोलही माझं. पावसाआधी आलात तर खोली उभी राहील.

काल हिराबाईंना भट्टीवर फोन केला. मागे मी त्यांच्या जेवणावर लिहिलं होतं, त्या लेखाखाली त्यांचा नंबर अजून आहे, आणि लोक अजून फोन करतात. विचारलं, काढून टाकू का?

मागे ट्रकचा आवाज येत होता. "नको दादा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. कालच दोघांचा आला, खोली हाय का म्हनून."

"मग काय सांगितलंत?"

"सांगला, मेपर्यंत सगळा बुक हाय. आधी फोन करत चला."